फुटून आलेली वस्तू : नुकसान कोणाचे आणि दाद कुठे मागावी?

ऑनलाइन मागवलेली काचेची किंवा चिनी मातीची वस्तू फुटलेल्या अवस्थेत घरी आली, तर तिचे पैसे परत मिळतात का, हा प्रश्न ग्राहक सर्वांत आधी विचारतात. त्याच्या पाठोपाठ आणखी काही प्रश्न येतात : पार्सल घेताना ओटीपी सांगून झाला आणि सहीही केली, तर हक्क संपला का, विक्रेता कुरिअरकडे बोट दाखवतो आणि कुरिअर विक्रेत्याकडे, तर तक्रार नेमकी कोणाकडे करायची, खोका उघडतानाचे चित्रीकरण नसेल तर दावा टिकतो का. या सर्व प्रश्नांची उत्तरे मिळण्यासाठी तीन गोष्टी क्रमाने समजून घ्याव्या लागतात : एका पार्सलमागे कोण कोण असते, वस्तू प्रवासात का फुटते, आणि फुटण्याची जोखीम कायद्याने कोणाच्या माथी ठेवली आहे.

१. एका पार्सलमागचे चार पक्ष

दुकानात जाऊन वस्तू घेताना व्यवहार दोघांत होतो. ऑनलाइन खरेदीत मात्र साधारणपणे चार पक्ष असतात. पहिला विक्रेता, म्हणजे ज्याच्या नावाने बिल निघते तो. दुसरा पक्ष ज्या ॲपवरून वा संकेतस्थळावरून मागणी नोंदवली जाते ती कंपनी. ही कंपनी स्वतःचा साठा विकत असेल तर विक्रेता आणि कंपनी एकच ठरतात. पण ती फक्त इतर विक्रेत्यांना जागा देत असेल, तर तिला मार्केटप्लेस म्हणतात. तिसरा पक्ष वाहतूकदार किंवा कुरिअर, आणि चौथा ग्राहक.

यांपैकी कोणाचा करार कोणाशी आहे, यावर पुढचे सर्व काही अवलंबून असते. ग्राहक पैसे देतो ते विक्रेत्याला, मार्केटप्लेसच्या मार्फत. कुरिअरची निवड, त्याचे दर आणि त्याच्याशी झालेला करार या तिन्हींत ग्राहकाला कोणी विचारलेले नसते. तो करार विक्रेत्याचा किंवा मार्केटप्लेसचा असतो. म्हणून ‘आमच्याकडून माल व्यवस्थित निघाला होता, कुरिअर कंपनीकडे तक्रार करा’ हे उत्तर विक्रेत्याकडून आले, तर ते पूर्ण उत्तर मानू नये. कुरिअरकडून भरपाई वसूल करणे हा विक्रेत्याचा प्रश्न आहे, आणि तो सुटेपर्यंत ग्राहकाने थांबून राहण्याचे कारण नाही. बिलावर विक्रेत्याचे नाव आणि पत्ता कोणता छापला आहे, हे पाहण्याची सवय म्हणूनच उपयोगी पडते. अनेक ग्राहकांना आपण प्रत्यक्षात कोणाकडून वस्तू घेतली हे ती फुटल्यावरच कळते.

२. वस्तू नेमकी कुठे फुटते

पार्सल फेकल्यामुळे वस्तू फुटते आणि ते फेकणारा म्हणजे दारात उभा असलेला डिलिव्हरी करणारा तरुण, असा समज सर्रास आढळतो. हा समज बहुतांशी चुकीचा आहे आणि अन्यायकारकही आहे. उत्तर प्रदेशातील खुर्जा येथून निघालेला चिनी मातीच्या कपांचा खोका सांगलीला पोचेपर्यंत अनेक वेळा चढवला-उतरवला जातो, वर्गीकरण केंद्रातील सरकत्या पट्ट्यांवरून घसरतो, इतर जड पार्सलांच्या खाली दबतो आणि ट्रकमध्ये शेकडो किलोमीटर हादरे खातो. या प्रवासात काही वेळा पडणे आणि आपटणे हे गृहीतच धरलेले असते. त्यामुळे वस्तू शाबूत पोचणार की नाही, याचा निर्णय बऱ्याच अंशी ती जिथे बांधली जाते त्या टेबलावर झालेला असतो.

हे समजण्यासाठी एक छोटे गणित पुरेसे आहे. पडणारी वस्तू जितक्या कमी अंतरात थांबते, तितके तिच्यावर येणारे बल मोठे असते. ४०० ग्रॅम वजनाचा कप ७५ सेंटिमीटर उंचीवरून पडला आणि पुठ्ठ्याच्या पातळ पापुद्र्यावर आपटून अवघ्या १ मिलिमीटरमध्ये थांबला, तर उंची भागिले थांबण्याचे अंतर या ढोबळ हिशेबाने त्याच्यावर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ७५० पट, म्हणजे क्षणभरासाठी ३०० किलो वजनाइतके बल येते. तोच कप मऊ थरात ३ सेंटिमीटर दबत थांबला, तर हा आकडा सुमारे २५ पटींवर, म्हणजे १० किलोवर उतरतो. काच आणि चिनी माती दाबाला बरीच टिकतात, पण ताणाला आणि एका बिंदूवर बसणाऱ्या फटक्याला टिकत नाहीत. त्यामुळे कपाचा कान, बरणीची कड आणि तावदानाचा कोपरा या जागा सर्वांत आधी जातात.

कोकणात हापूसची पेटी भरताना फळांमध्ये घातलेला भाताचा पेंढा दोन कामे करतो : एक फळ दुसऱ्याला टेकू देत नाही, आणि पेटी आपटली तर स्वतः दबून फळाला थांबायला जागा देतो. काचेच्या वस्तूभोवती असलेल्या बबल रॅपचे काम नेमके हेच असते. (हवेचे फुगे असलेला हा प्लास्टिकचा कागद १९५७ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथे आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान यांनी भिंतीला लावायचा नक्षीदार कागद म्हणून बनवला होता, तो हेतू फसला आणि पुढे आयबीएमच्या १४०१ या संगणकाच्या वाहतुकीसाठी त्याचा वापर झाल्यावर त्याला खरे काम मिळाले.) प्रत्येक नग वेगळा गुंडाळणे, चारी बाजूंनी साधारण ५ सेंटिमीटर मऊ थर ठेवणे आणि खोका हलवला तर आत काहीही न हलणे, या तीन गोष्टी पाळल्या तर बहुतेक नाजूक वस्तू सुखरूप पोचतात.

मग विक्रेते त्या पाळत का नाहीत? त्याचे मुख्य कारण कुरिअरच्या दरआकारणीत आहे. हलका पण मोठा खोका ट्रकमध्ये जागा अडवतो, म्हणून कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर पैसे घेतात. आकारमानावरचे वजन काढण्याची रूढ रीत अशी, की खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायची. ३० × २० × २० सेंटिमीटरच्या खोक्याचे असे वजन २.४ किलो भरते. त्याच वस्तूभोवती सर्व बाजूंनी ५ सेंटिमीटरचा थर दिला, तर खोका ४० × ३० × ३० होतो आणि वजन ७.२ किलो भरते. आतली वस्तू तीच, तिचे खरे वजन जेमतेम दीड किलो, पण भाडे मोजायचे वजन तिप्पट होते. ‘फ्री डिलिव्हरी’ देणारा आणि किमतीत स्पर्धा करणारा विक्रेता हा खर्च वाचवायला जातो आणि वस्तूला घट्ट बसणारा खोका निवडतो. शंभरातली काही पार्सले फुटली तरी हिशेब जमतो असे त्याला वाटते. हा हिशेब विक्रेत्याने स्वतःच्या जबाबदारीवर केलेला असतो, आणि म्हणून फुटलेल्या पार्सलांचा भारही त्यानेच उचलला पाहिजे.

पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा, ज्याला व्यापारात थरांच्या संख्येवरून थ्री प्लाय, फाइव्ह प्लाय असे म्हणतात, हवेतील ओलावा शोषून घेतो आणि त्याची वरचे वजन पेलण्याची ताकद बरीच कमी होते. जूनमध्ये कोकणातल्या गोदामात एकावर एक रचलेले खोके मे महिन्यातल्या खोक्यांइतके टिकत नाहीत. वाइनच्या ग्लासचे, वर जाणाऱ्या दोन बाणांचे आणि छत्रीचे चित्र असलेले जे शिक्के खोक्यावर दिसतात, ते आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवलेले आहेत आणि त्यांचे अर्थ अनुक्रमे ‘नाजूक’, ‘ही बाजू वर’ आणि ‘ओलाव्यापासून जपा’ असे आहेत. परंतु सरकत्या पट्ट्यावर ते कोणी वाचत नसल्याने शिक्का हा चांगल्या बांधणीला पर्याय ठरत नाही. उलट खोक्यावर तो शिक्का नव्हता म्हणून ग्राहकाचा हक्क कमी होतो, असेही नाही.

३. मन बदलणे वेगळे, वस्तू फुटणे वेगळे

ऑनलाइन दुकानांच्या पानावर ‘ही वस्तू परत घेतली जाणार नाही’ अशी ओळ असते, आणि ती वाचून अनेक ग्राहक फुटलेल्या वस्तूबद्दलही गप्प बसतात. येथे दोन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ होते. रंग आवडला नाही किंवा गरज उरली नाही म्हणून वस्तू परत करणे ही विक्रेत्याने दिलेली सवलत आहे. भारतातील ई-कॉमर्स नियमांनी असा सरसकट हक्क ग्राहकाला दिलेला नाही, आणि त्यामुळे ती सवलत द्यायची की नाही, हे विक्रेता ठरवू शकतो. वस्तू सदोष असणे किंवा दाखवल्याप्रमाणे नसणे ही मात्र वेगळी स्थिती आहे, कारण तिथे विक्रेत्याने कबूल केलेली वस्तू दिलेलीच नसते.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हे २३ जुलै २०२० रोजी लागू झाले. वस्तू सदोष, उणी किंवा बनावट असेल, अथवा जाहिरातीत सांगितलेल्या किंवा ठरलेल्या गुणांची नसेल, तर ती परत घेण्यास किंवा घेतलेले पैसे परत करण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही, असे या नियमांत स्पष्ट म्हटले आहे. चित्रात सहा अखंड कप दाखवले आणि खोक्यातून पाच कप आणि काही तुकडे निघाले, तर ती वस्तू दाखवल्याप्रमाणे नाही हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. शिवाय ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार बिलात ठरवलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदतच नसेल तर ३० दिवसांच्या आत, सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरते. ‘काचेच्या वस्तूंवर परतावा नाही’ ही ओळ या तरतुदींच्या वर जाऊ शकत नाही.

४. जोखीम कोणाकडून कोणाकडे जाते

विक्रेत्यांच्या युक्तिवादाला जुना आधार आहे आणि तो जाणून घेणे उपयुक्त ठरते. माल विक्री अधिनियम, १९३० मध्ये असे तत्त्व आहे, की विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला, की प्रथमदर्शनी तो खरेदीदारालाच दिला असे धरता येते. व्यापारी जेव्हा रेल्वेने किंवा बैलगाडीने माल स्वतःच्या वाहतूकदाराकडून मागवत, त्या काळाला हे तत्त्व साजेसे होते. पण त्याच कलमात पुढे म्हटले आहे, की मालाचे स्वरूप लक्षात घेऊन वाहतूकदाराशी योग्य करार करणे विक्रेत्याला बंधनकारक आहे, आणि त्याने तसे केले नाही व माल वाटेत खराब झाला, तर वाहतूकदाराला दिलेला ताबा आपल्याला मिळालेला ताबा म्हणून मानण्यास खरेदीदार नकार देऊ शकतो. ऑनलाइन खरेदीत तर वस्तू ग्राहकाच्या पत्त्यावर पोचवण्याचेच आश्वासन असते. गोदामातून बाहेर काढून देण्याचे नव्हे.

याच अधिनियमातील आणखी दोन तरतुदी आजच्या ग्राहकाला फार उपयोगाच्या आहेत. पहिली अशी, की खरेदीदाराने आधी न पाहिलेला माल त्याला तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत ‘स्वीकारला’ असे मानले जात नाही. बंद खोका हातात घेणे आणि आतील वस्तू स्वीकारणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. ओटीपी किंवा सही पहिल्या क्रियेची नोंद आहे, दुसरीची नाही. मात्र ही संधी अमर्याद नसते : वाजवी काळ उलटूनही नापसंती कळवली नाही, किंवा वस्तू आपलीच असल्यासारखी वापरायला सुरुवात केली, तर ती स्वीकारली असेच मानले जाते. फुटलेल्या संचातील उरलेले कप वापरात आणू नयेत, याचे कारण हेच. दुसरी तरतूद अशी, की योग्य कारणाने माल नाकारणाऱ्या खरेदीदारावर, वेगळा करार नसेल तर, तो स्वखर्चाने परत पाठवण्याचे बंधन नसते. नाकारल्याचे विक्रेत्याला कळवणे पुरेसे असते. आधी पार्सल स्वतःच्या पैशाने परत करा, मग पाहू, असे सांगितले गेले तर ही तरतूद आठवावी.

५. पार्सल हाती आल्यावरचा पहिला तास

हक्क कितीही भक्कम असला, तरी वस्तू आली तेव्हाच फुटलेली होती हे दाखवता आले पाहिजे, आणि ते दाखवण्याची सोय पहिल्या तासातच होते. दारातच खोक्याच्या सहाही बाजू पाहाव्यात : चेपलेला कोपरा, ओला डाग, फाटलेली किंवा दुसऱ्यांदा लावलेली टेप, हलवल्यावर येणारा खडखडाट. यांपैकी काही ठळकपणे आढळले, तर पार्सल नाकारण्याचा पर्याय असतो आणि नाकारण्याचे कारण डिलिव्हरी करणाऱ्याच्या यंत्रावर नोंदवून घ्यावे. काही कंपन्या मोबाईल फोन किंवा टीव्हीसारख्या महाग वस्तूंसाठी ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ देतात, म्हणजे खोका समोर उघडून दाखवल्यावरच ओटीपी मागितला जातो. ही सोय असेल तर ती अवश्य घ्यावी आणि वस्तू पाहण्याआधी ओटीपी सांगू नये. एरवी डिलिव्हरी करणाऱ्या माणसाला थांबायला वेळ नसतो, कारण अनेक ठिकाणी त्याचा मोबदला पार्सलांच्या संख्येवर ठरतो. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा त्याच्यासमोरच खोक्याची छायाचित्रे काढणे हे दोघांच्याही दृष्टीने चांगले.

खोका उघडतानाचे सलग चित्रीकरण हा सर्वांत सोपा पुरावा आहे. त्यात पत्त्याची आणि ट्रॅकिंग क्रमांकाची पट्टी प्रथम स्पष्ट दिसावी, मग टेप कापताना, मग आतले अस्तर, आणि शेवटी वस्तू. अस्तर दिसणे फार महत्त्वाचे असते, पण ग्राहक नेमके तेच टिपायचे विसरतात. वस्तू बाहेर काढून टेबलावर ठेवलेल्या तुकड्यांच्या छायाचित्रावरून ती कोणी फोडली हे कळत नाही, परंतु रिकाम्या पोकळीत एकच वर्तमानपत्राचा बोळा घालून ठेवलेली बरणी दिसली, की दोष कोणाचा हे सांगावे लागत नाही. चित्रीकरण नसेल तर दावा संपतो, असे काही कंपन्यांच्या अटी सुचवतात. ई-कॉमर्स नियमांत मात्र अशी कोणतीही अट नाही. चित्रीकरण नसताना खोक्याची, पट्टीची आणि तुकड्यांची एकत्र छायाचित्रे, तसेच वस्तू मिळाल्यापासून तक्रार करण्यापर्यंतचा अल्प काळ, हाही पुरावाच असतो.

मूळ छायाचित्रे फोनमध्ये जशीच्या तशी ठेवावीत, कारण व्हॉट्सॲपवरून छायाचित्र म्हणून पाठवलेल्या प्रतीत तपशील घटतात आणि काढल्याची वेळ वगैरे आतली माहिती गळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंदी पुरावा म्हणून सादर करताना त्यांसोबत प्रमाणपत्र जोडण्याची तरतूद आहे, आणि मूळ नोंद हाताशी असेल तर ते काम सोपे होते. खोका, अस्तर आणि तुकडे प्रकरण मिटेपर्यंत टाकू नयेत.

न दिसणारी भेग हा वेगळा विषय आहे. बाजारात माठ घेताना टिचकी मारून त्याचा नाद ऐकण्याची पद्धत घरोघर माहीत आहे. तीच पद्धत चिनी मातीच्या आणि काचेच्या भांड्यांना लागू पडते. अखंड भांडे खणखणीत वाजते, भेगाळलेले बद्द आवाज करते. गरम चहा ओतल्यावर भेग उघडी पडण्याआधी आलेल्या प्रत्येक नगाला पहिल्याच दिवशी टिचकी मारून पाहावी.

६. तक्रार कशी लिहावी

फोनवरचे बोलणे मागे काही उरवत नाही, म्हणून तक्रार ॲपमधील नोंदीतून किंवा ईमेलने लेखीच करावी, आणि शक्यतो त्याच दिवशी. ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते. मार्केटप्लेसला प्रत्येक तक्रारीला क्रमांकही द्यावा लागतो, आणि तो क्रमांक जपून ठेवावा.

मजकूर छोटा आणि नेमका असावा. जयपूरच्या ब्लू पॉटरीचा १८०० रुपयांचा सहा वाट्यांचा संच आला आणि त्यातील एक वाटी फुटलेली निघाली, असे समजू. ब्लू पॉटरी नेहमीच्या मातीची नसून मुख्यतः गारगोटीच्या आणि काचेच्या भुकटीची, कमी तापमानाला भाजलेली असते आणि म्हणून अधिकच नाजूक असते. अशा वेळी तक्रारीत इतकेच पुरते : ‘ऑर्डर क्रमांक अमुक, दिनांक ५ जुलै रोजी मिळालेल्या संचातील एक वाटी फुटलेली आहे. खोक्यात वाट्यांच्या मध्ये अस्तर नव्हते, छायाचित्रे सोबत जोडली आहेत. संच परत घेऊन पूर्ण रक्कम ७ दिवसांत परत करावी, किंवा नवा संच पाठवावा.’ काय हवे ते शेवटच्या वाक्यात स्पष्ट लिहिणे गरजेचे आहे, कारण ते लिहिले नाही तर ठरवण्याचे काम समोरच्याकडे जाते.

या उदाहरणात विक्रेता बहुधा एका वाटीचे ३०० रुपये देऊ करील. तो प्रस्ताव स्वीकारायचा की नाही, हे ग्राहकाने आपल्या गरजेवरून ठरवावे, पण दोन गोष्टी लक्षात ठेवून. हाताने रंगवलेल्या संचात सुटी वाटी नंतर जुळवून मिळत नाही, म्हणून संच अपुरा झाल्याचे नुकसान ३०० रुपयांहून अधिक असू शकते. आणि ‘पूर्ण व अंतिम’ या शब्दांसह रक्कम घेतली, तर उरलेला दावा पुढे मांडणे अवघड होते.

७. जिथे उत्तर सरळ नसते

टीव्हीचा पडदा तडकलेला निघाला, तर अनेक ग्राहक उत्पादक कंपनीच्या वॉरंटीकडे धाव घेतात आणि तिथे नकार मिळतो, कारण वॉरंटी यंत्रातल्या बिघाडाची असते आणि आपटून झालेली इजा तिच्यातून सहसा वगळलेली असते. वाहतुकीत झालेल्या नुकसानीचा दावा वॉरंटीचा नसून विक्रीचा असतो. तो विक्रेत्याकडे आणि मार्केटप्लेसकडेच, परतीची मुदत संपण्याआधी करावा लागतो. तंत्रज्ञ चार दिवसांनी बसवायला येणार असेल, तर तोपर्यंत खोका भिंतीला टेकवून ठेवण्यात ती मुदत वाया जाते. म्हणून तंत्रज्ञाची वेळ ठरवतानाच विक्रेत्याला लेखी कळवून ठेवावे, की खोका अजून उघडलेला नाही.

इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सॲपवरून मातीची भांडी विकणारी एखादी गृहिणी किंवा कारागीर नियमितपणे व्यवसाय म्हणून विक्री करत असेल, तर तिलाही हे नियम लागू होतात. एखाद्याने घरातला जुना फुलदाणीचा जोड एकदाच विकला, तर त्याला ते लागू नाहीत. भद्रावतीच्या किंवा खुर्ज्याच्या लहान कारागिराकडून थेट घेतलेल्या वस्तूच्या बाबतीत पहिल्याच दिवशी ग्राहक आयोगाची भाषा वापरण्याची गरज नसते. बहुतेक कारागिरांना आपला माल कसा पोचला हे कळण्याचे दुसरे साधनच नसते, आणि छायाचित्रासह नीट सांगितले तर पुढचे खोके अधिक चांगले बांधले जातात. ग्राहक स्वतःच्या हॉटेलासाठी दोनशे ग्लास मागवत असेल, तर मात्र तो व्यापारी हेतूचा खरेदीदार ठरू शकतो आणि ग्राहक आयोगाची वाट त्याला बंद होऊ शकते. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला त्यात अपवाद आहे.

एक जवळचा प्रसंग उलट दिशेचा आहे. बंगळूरला राहणाऱ्या मुलाला आईने कुरिअरने लोणच्याची बरणी पाठवली आणि ती फुटली, तर येथे विक्रेता कोणीच नसतो. पाठवणारी व्यक्तीच वाहतूकदाराची ग्राहक असते. रस्त्यावरील मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यात घरपोच सेवा देणाऱ्या कुरिअर कंपन्याही येतात, आणि त्यांच्याविरुद्ध दावा करायचा असेल तर माल नोंदवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी सूचना देणे सक्तीचे आहे. पाठवताना वस्तूची किंमत जाहीर केली नसेल, तर भरपाईवर मर्यादा येते. टपाल खाते सरकारी असल्याने या कायद्यात येत नाही.

८. नकार मिळाल्यानंतर

महिना उलटूनही तक्रार सुटली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतून तक्रार नोंदवता येते. ही हेल्पलाइन आदेश देत नाही. ती तक्रार कंपनीपर्यंत पोचवून तडजोड घडवते, आणि लहान रकमांच्या बाबतीत पुष्कळदा तेवढ्याने काम होते. क्रेडिट वा डेबिट कार्डाने पैसे दिले असतील, तर आणखी एक वाट बँकेकडून जाते. वस्तू सदोष आली आणि विक्रेता पैसे देत नाही, असे कार्ड देणाऱ्या बँकेला कळवून रक्कम परत मागण्याच्या प्रक्रियेला चार्जबॅक म्हणतात. तिला मुदतीचे बंधन असते, म्हणून कंपनीशी पत्रव्यवहार चालू असतानाच बँकेला कळवून ठेवावे.

यानेही भागले नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यात तक्रार सामान्यतः समोरच्या पक्षाच्या ठिकाणी किंवा व्यवहार घडला त्या ठिकाणी करावी लागे, त्यामुळे लातूरच्या ग्राहकाला गुरुग्रामच्या कंपनीविरुद्ध उभे राहणे परवडत नसे. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली. ऑनलाइन खरेदीच्या दृष्टीने या कायद्यातील ही सर्वांत मोलाची दुरुस्ती म्हणावी लागेल. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगात चालते. रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, ती १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती या संकेतस्थळावरूनही दाखल करता येते, आणि वकील नेमणे सक्तीचे नसते. वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागत नसेल, तर तीन महिन्यांत निकाल द्यावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात त्याहून अधिक काळ लागतो, म्हणून १८०० रुपयांच्या वाट्यांसाठी ही पायरी चढायची का, याचा विचार प्रत्येकाने आपल्या वेळेनुसार करावा. कागदपत्रे तयार करताना मदत हवी असेल, तर १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात.

रक्कम परत मिळाल्यावर आणि विक्रेत्याने वस्तू परत नेण्यास नकार दिल्याचे लेखी आल्यावरच तुकडे टाकावेत. ते सुट्या कचऱ्यात न मिसळता जाड कागदात गुंडाळून, त्याच खोक्यात भरून, खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘काच’ असे लिहून घंटागाडीवरच्या कर्मचाऱ्याच्या हातात वेगळे द्यावेत, कारण कचरा वेगळा करणारे अनेक हात आजही हातमोज्यांशिवाय काम करतात.